कोशिकाभित्तीतील कार्बोहायड्रेटांचा प्रतिपिंडीय अभ्यास

वनस्पतींच्या कोशिकांभोवती (पेशींभोवती) असणाऱ्या भित्तीतील निरनिराळी कार्बोहायड्रेटे ओळखण्यासाठी व त्यांची नेमकी जागा ठरविण्यासाठी प्रतिपिंडांचा (शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाशी निवडक रीतीने संयोग पावणाऱ्या प्रथिनांचा) उपयोग करण्याच्या पद्धतीला हे नाव देतात. भित्तीत कोणत्या शर्करा किती प्रमाणात आहेत, हे रासायनिक विश्लेषणाने कळते. परंतु त्यासाठी ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) वाटून ते विरघळवावे लागते आणि तसे केल्यावर कोणता पदार्थ कोठे होता, हे जाणण्याचा मार्ग उरत नाही. दोन शेजारच्या कोशिकांच्या, किंबहुना एकाच भित्तीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंच्या घटनेत मोठा फरक असू शकतो. हा फरक ऊतकाचा मूळ आकार न मोडता दाखविणे हे प्रतिपिंडांचे वैशिष्ट्य होय.

जालना जिल्ह्यातील कापूस व मोसंबी ही दोन पिके या विषयाची दोन टोके दाखवितात. उकललेल्या बोंडातील कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ कोशिकाभित्तीच असते. त्यातील जिवंत द्रव्य सुकून गेलेले असते व तंतूच्या शुष्क वजनाचा ९०% हून अधिक भाग सेल्युलोजाचा असतो. याउलट मोसंबीच्या सालीतील आतला पांढरा, मऊ थर पेक्टिनाने समृद्ध असतो. कापसाची प्रत तंतूच्या भित्तीवर अवलंबून असते, तर मोसंबीचे फळ झाडावर टिकणार की गळणार, हे देठाजवळच्या काही थोड्या कोशिकांच्या भित्तींवर ठरते. म्हणून हा विषय प्रयोगशाळेतील असला, तरी त्याचा संबंध शेतातील उत्पन्नाशी येऊन पोहोचतो.

कोशिकाभित्तीची घडण : वाढत्या कोशिकेभोवती प्रथम जी पातळ व ताणली जाणारी भित्ती तयार होते, तिला प्राथमिक भित्ती म्हणतात. वाढ थांबल्यावर काही कोशिकांत तिच्या आतील बाजूस जाड द्वितीयक भित्ती साचते. दोन शेजारच्या कोशिकांच्या प्राथमिक भित्तींमध्ये त्यांना जोडून ठेवणारा जो थर असतो, तो मध्यपटल होय.

भित्तीचा सांगाडा सेल्युलोजाच्या सूक्ष्म तंतुकांचा असतो. ग्लुकोजाची एकके एका सरळ रेषेत जोडली जाऊन सेल्युलोजाची साखळी बनते व अशा अनेक साखळ्या परस्परांस चिकटून तंतुक तयार होतो. तंतुकांच्या दरम्यान हेमिसेल्युलोजे असतात. झायलोग्लुकान, झायलान व मॅनान हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. उरलेली जागा पेक्टिनांनी व काही प्रथिनांनी व्यापलेली असते. लाकडासारख्या ऊतकांत यांखेरीज लिग्निनही असते.

पेक्टिनाचा मुख्य घटक गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या एककांची लांब साखळी हा असतो. या एककांपैकी काहींना मेथिल गट जोडलेला असतो (मेथिल एस्टरीकरण) व काही मोकळी असतात. मोकळ्या एककांवर ऋण विद्युत् भार असल्यामुळे दोन साखळ्यांच्या दरम्यान कॅल्शियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) अडकून पूल तयार होतो व पेक्टिन घट्ट होते. मेथिल गटांचे प्रमाण जास्त असल्यास असे पूल बनत नाहीत. हा फरक स्वयंपाकघरातही प्रत्ययास येतो. अधिक मेथिल गट असलेल्या पेक्टिनाची जेली होण्यास भरपूर साखर व आंबटपणा लागतो; कमी मेथिल गट असलेले पेक्टिन थोड्या साखरेतही कॅल्शियमाच्या साहाय्याने गोठते. जी गोष्ट जेलीच्या बरणीत घडते, तिच्याशी मिळतीजुळती गोष्ट मध्यपटलात घडत असते. फळ कडक राहणे, मऊ पडणे किंवा देठापासून सुटणे यांचा उलगडा करताना मेथिल गट कोठे आहेत व कोठे नाहीत, हे माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ऐतिहासिक आढावा : प्रतिपिंड केवळ प्रथिनेच नव्हे, तर कार्बोहायड्रेटेही ओळखू शकतात, हे प्रथम वैद्यकातील संशोधनातून समजले. मायकेल हायडेलबर्गर व ऑझ्वल्ड एव्हरी यांनी १९२३ मध्ये न्यूमोनियाच्या सूक्ष्मजंतूंभोवतीच्या संपुटातील जो पदार्थ प्रतिपिंडांशी संयोग पावतो, तो पॉलिसॅकॅराइड (अनेक शर्करा-एककांचे बनलेले कार्बोहायड्रेट) असल्याचे दाखविले. ॲल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडास अनुस्फुरक (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणारे) द्रव्य जोडण्याची युक्ती शोधली. त्यामुळे प्रतिपिंड कोठे चिकटला आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसू लागले. १९७१ मध्ये प्रतिपिंडास सोन्याचे सूक्ष्म कण जोडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि हेच काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अधिक बारकाईने करता येऊ लागले.

प्राण्याच्या रक्तरसातून मिळणारे प्रतिपिंड हे अनेक प्रकारांचे मिश्रण असते. दर वेळी नवा प्राणी वापरल्यास मिश्रण बदलते व दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करणे अवघड जाते. ही अडचण १९७५ मध्ये दूर झाली. केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सीझर मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या कोशिकेचा अर्बुदातील (गाठीतील) अमर्याद विभागणाऱ्या कोशिकेशी संयोग घडवून आणला व एकाच प्रकारचा प्रतिपिंड सतत देणारी कोशिकांची परंपरा मिळविली. अशा प्रतिपिंडास एककृंतकी प्रतिपिंड म्हणतात. या कार्यासाठी त्या दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत १९८४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींच्या भित्तीबाबत १९८६ मध्ये झायलोग्लुकान व एक शाखायुक्त पेक्टिन यांच्या जागा सोन्याच्या कणांच्या साहाय्याने दाखविण्यात आल्या. ते काम बहुकृंतकी प्रतिपिंडांनी केलेले होते. १९९० मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनेस संस्थेतील जे. पॉल नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या व इतर वनस्पतींच्या मुळांच्या टोकांत पेक्टिनाचे एस्टरीकरण ऊतकागणिक व एकाच भित्तीतही जागेनुसार बदलते, असे दाखवून दिले. त्यासाठी वापरलेले जिम ५ व जिम ७ हे एककृंतकी प्रतिपिंड पुढे जगभर वापरात आले. जिम हे नाव त्या संस्थेच्या नावावरून पडले. लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या प्रतिपिंडांना एलएम, तर अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या जटिल कार्बोहायड्रेट संशोधन केंद्रातील प्रतिपिंडांना सीसीआरसी या अक्षरांनी ओळखतात. जॉर्जिया येथील गटाने २०१० मध्ये शंभराहून अधिक नव्या प्रतिपिंडांचा संच प्रसिद्ध केला व तेव्हापासून एकाच नमुन्याची अनेक अंगांनी तपासणी करणे शक्य झाले.

प्रतिपिंडांची निर्मिती : कार्बोहायड्रेटे एकटी टोचल्यास प्राण्याच्या शरीराची प्रतिक्रिया सामान्यतः दुर्बळ असते. म्हणून शुद्ध केलेली छोटी शर्करा-साखळी एखाद्या प्रथिनास जोडून उंदरास किंवा घुशीच्या जातीच्या प्रयोगशाळेतील पांढऱ्या प्राण्यास टोचतात. काही आठवड्यांनी त्याच्या प्लीहेतील कोशिका काढून त्यांचा अर्बुद-कोशिकांशी संयोग घडवितात. तयार झालेल्या असंख्य संकर-कोशिकांमधून हव्या त्या शर्करा-साखळीशी संयोग पावणारा प्रतिपिंड देणारी कोशिका वेचून काढणे, हा या कामातील सर्वांत कष्टाचा भाग होय. निवडलेली परंपरा द्रव नायट्रोजनात गोठवून वर्षानुवर्षे टिकविता येते.

प्रतिपिंड संपूर्ण पॉलिसॅकॅराइडाला ओळखीत नाही, तर त्यातील मोजक्या शर्करा-एककांच्या विशिष्ट मांडणीला ओळखतो. या मांडणीस प्रतिजन-निर्धारक म्हणतात. किल्ली कुलपातील केवळ खाचांशी जुळते, दाराशी नव्हे, तसाच हा प्रकार आहे. आणि या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी यातूनच उद्‌भवतात.

कार्यपद्धती : ऊतकाचा लहान तुकडा फॉर्माल्डिहाइडासारख्या द्रव्यात ठेवून त्याचे स्थिरीकरण करतात. नंतर पाणी काढून टाकून तो मेणात किंवा रेझिनात बसवितात व त्याचे अत्यंत पातळ छेद घेतात. साध्या सूक्ष्मदर्शकासाठी रेझिनातील छेदाची जाडी सु. १ मायक्रॉन (१ मिमी. चा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी त्याच्याही सु. दहाव्या हिश्शाइतकी असते.

छेदावर प्रथम साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचा विद्राव घालतात. दुधातील प्रथिने छेदावरील चिकट जागा व्यापून टाकतात व त्यामुळे प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. यानंतर प्रतिपिंडाचा विद्राव घालून काही काळ ठेवतात व छेद धुऊन काढतात. मग पहिल्या प्रतिपिंडासच ओळखणारा दुसरा प्रतिपिंड घालतात. त्याला अनुस्फुरक द्रव्य किंवा सोन्याचे कण जोडलेले असतात. पुन्हा धुतल्यानंतर सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास, ज्या ठिकाणी अपेक्षित शर्करा-मांडणी असेल तेवढाच भाग उजळलेला दिसतो. सर्व भित्ती एकत्र पाहता याव्यात म्हणून जंबुपार प्रकाशात निळी चमकणारे एक रंजकद्रव्यही वापरतात. निळ्या जाळ्यावर उमटलेल्या हिरव्या रेषा पाहून कोणता पदार्थ कोठे आहे, याचा नकाशाच जणू हाती येतो.

जागेपेक्षा प्रमाण कळणे अधिक महत्त्वाचे असेल, तर भित्तीचे घटक क्रमाक्रमाने अधिकाधिक तीव्र विद्रावकांत काढून घेतात व प्रत्येक अंशावर अनेक प्रतिपिंडांची चाचणी करतात. कोणता घटक सौम्य द्रव्याने सुटला व कोणत्यास तीव्र क्षार (अल्कली) लागला, यावरून तो भित्तीत किती घट्ट बांधलेला होता, हे समजते. काचेच्या किंवा पडद्याच्या पट्टीवर शेकडो नमुन्यांचे ठिपके देऊन ही चाचणी एकाच वेळी करण्याची पद्धत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कापसाचा तंतू : कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बीजावरणाच्या अपित्वचेतील (सर्वांत बाहेरच्या थरातील) एकच कोशिका होय. फूल उमलते त्याच सुमारास ती बाहेर डोकावू लागते व सु. तीन आठवडे लांब होत राहते. अमेरिकन जातीच्या (गॉसिपियम हिर्सुटम) सामान्य वाणांत तिची लांबी २५ ते ३० मिमी. भरते, म्हणजे ती रुंदीच्या हजारपटींहूनही अधिक होते. या काळात पाण्याचा ताण पडल्यास तंतू आखूड राहतात. जालन्यासारख्या, मुख्यतः पावसावर कापूस घेणाऱ्या जिल्ह्यात सप्टेंबर–ऑक्टोबरातील उघडिपीचे महत्त्व त्यामुळेच मोठे असते. लांबी संपत आली, की आत सेल्युलोजाचे थर साचू लागतात. हे थर पुरेसे न साचल्यास तंतू अपक्व राहतो, नीट रंग घेत नाही व सुतात गाठी पडतात.

तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोजाचा असल्यामुळे इतर कार्बोहायड्रेटांकडे दीर्घकाळ फारसे लक्ष गेले नव्हते. के. सी. व्हॉन व आर. बी. टर्ली यांनी १९९९ मध्ये प्रतिपिंडांच्या साहाय्याने असे दाखविले, की वाढत्या तंतूची प्राथमिक भित्ती दुहेरी असते : बाहेर पेक्टिनाचे वेष्टन व आत झायलोग्लुकान आणि सेल्युलोज यांचा थर. तंतू बोंडात सुटेसुटे वाढतात, ही समजूत त्यानंतरही कायम होती. कँडेस हेगलर यांच्या गटाने २००९ मध्ये ती खोटी ठरविली. गोठविलेल्या बोंडाच्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणात तंतू जुडग्यांनी वाढत असल्याचे व त्यांना एका पातळ मध्यपटलाने परस्परांस चिकटविलेले असल्याचे आढळले. हे पटल भित्तीद्रव्याचेच आहे, याचा पुरावा देण्यात प्रतिपिंडांनी केलेल्या खुणांचा वाटा होता. वाढ संपण्याच्या सुमारास भित्तीचे विघटन करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) वाढतात, पटल विरघळते व तंतू मोकळे होतात. बोंडाच्या अपुऱ्या जागेत हजारो तंतू न गुंतता एवढी लांबी कशी गाठतात, या जुन्या कोड्याचे उत्तर यातून मिळाले. पक्व तंतूत ज्याचा मागमूस जेमतेम उरतो, असा पदार्थ तंतूच्या वाढीत निर्णायक ठरतो, हा या शोधाचा खरा बोध होय. पुढे २०१३ मध्ये हिर्सुटम व लांब धाग्याची बार्बाडेन्स या जातींच्या तंतूंत सैलपणे बांधलेल्या झायलोग्लुकानाच्या बाबतीत फरक असल्याचे दिसून आले.

मोसंबी : मोसंबीच्या सालीतून पेक्टिन काढता येते व जॅम, जेली इत्यादींमध्ये ते वापरतात; लिंबूवर्गीय फळांच्या साली व सफरचंदाचा चोथा हे पेक्टिनाच्या उद्योगाचे मुख्य आधार आहेत. बागाइतदाराच्या दृष्टीने मात्र पेक्टिनाचे महत्त्व फळगळीच्या संदर्भात अधिक आहे. जालना मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. परंतु त्याआधीच २०१२–१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागांची मोठी हानी झाली होती. फळगळीची कारणे पाण्याचा ताण, पोषणातील उणीव, रोग, कीड अशी अनेक असतात. कारण कोणतेही असो, वनस्पती स्वतःहून फळ सोडते तेव्हा अखेरची क्रिया एकच असते : देठाजवळच्या वियोजन-स्तरातील (तुटण्यासाठी ठरलेल्या थरातील) मध्यपटलाचे पेक्टिन विरघळते व कोशिका परस्परांपासून सुटतात.

ही क्रिया प्रतिपिंडांनी प्रत्यक्ष पाहता येते. तेरड्याच्या प्रजातीतील पानगळीचा असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मेथिल गट जवळजवळ नसलेले पेक्टिन वियोजन-स्तराच्या मध्यपटलातून नाहीसे होणे हेच पान सुटण्याचे कारण असल्याचे त्यात दिसून आले. याच द्रव्याचा उलट उपयोग अमरवेल करते. आश्रयी वनस्पतीस चिकटताना ती अशाच पेक्टिनाचा सिमेंटसारखा थर स्रवते, असे २००२ मध्ये प्रतिपिंडांच्या साहाय्याने आढळले. जोडणे व सोडणे या दोन्ही क्रिया एकाच पदार्थाच्या असण्या-नसण्यावर कशा चालतात, याचे ही दोन उदाहरणे द्योतक आहेत.

मर्यादा व दक्षता : प्रतिपिंडाची खूण न दिसणे म्हणजे पदार्थ नसणे, असा अर्थ करणे धोक्याचे असते. २००८ मध्ये तंबाखूच्या खोडाच्या छेदांवर एलएम १५ हा झायलोग्लुकान ओळखणारा प्रतिपिंड वापरला असता अनेक भित्ती अंधाऱ्याच राहिल्या; परंतु पेक्टिन विघटित करणाऱ्या एंझाइमाने छेद आधी धुतल्यावर त्याच भित्ती उजळल्या. झायलोग्लुकान तेथे होतेच; पेक्टिनाने ते झाकले होते. या एका प्रयोगामुळे पूर्वीचे अनेक निष्कर्ष नव्याने तपासण्याची गरज निर्माण झाली. तेव्हापासून एखादी भित्ती ‘रिकामी’ ठरविण्यापूर्वी तिच्यावरील आवरण काढून पाहणे आवश्यक मानले जाते.

याच्या उलट चूकही संभवते. तीच शर्करा-मांडणी दोन निरनिराळ्या पदार्थांत असू शकते. उदा., पेक्टिनाच्या शाखांतील ॲराबिनान ओळखणारा एलएम ६ हा प्रतिपिंड काही प्रथिनांस जोडलेल्या शर्करांनाही चिकटतो. जिम ५ हा मेथिल गट नसलेले पेक्टिन दाखवितो, असे पूर्वी मानीत. काही मेथिल गट असलेल्या साखळ्यांशीही तो संयोग पावतो, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. छेद क्षारीय विद्रावात ठेवल्यास मेथिल गट निघून जातात व चित्र पालटते. खुणेची तेजस्विता हे पदार्थाच्या प्रमाणाचे अचूक मापही नव्हे. स्फटिकी सेल्युलोजासाठी तर प्रतिपिंडांऐवजी सेल्युलोजाला चिकटणारे, सूक्ष्मजंतूंच्या एंझाइमांचे भाग बहुधा वापरतात. म्हणून पहिला प्रतिपिंड वगळून केलेली तुलना, तसेच विशिष्ट एंझाइमाने पदार्थ काढून टाकल्यावर खूण नाहीशी होते का याची परीक्षा, या दोन कसोट्या अपरिहार्य ठरतात.

उपयोग : कापडधंद्यात रुईवरील मेण व पेक्टिन काढण्यासाठी सूत किंवा कापड दाहक सोड्यात उकळतात, पेक्टिन विघटित करणारी एंझाइमे हा त्यास सौम्य पर्याय आहे. अशा प्रक्रियांचा तंतूतील सेल्युलोजेतर पॉलिसॅकॅराइडांवर सारखाच परिणाम होत नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. फळे पिकणे व साठवणीत मऊ पडणे, चाऱ्याची पचनीयता, पिकांच्या काडापासून इंधन मिळविणे व रोगकारक कवकांचा भित्तीतून होणारा प्रवेश या विषयांतही ही पद्धत वापरली जाते.

जालन्याच्या बीजोद्योगास प्रतिपिंड अपरिचित नाहीत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे स्थापन केलेल्या महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीच्या (महिकोच्या) तीन बीटी संकरित कापूस-वाणांना मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून पानाचा किंवा बियाचा रस घेऊन त्यातील बीटी प्रथिन प्रतिपिंडाने ओळखणाऱ्या चाचण्या देशात रूढ झाल्या. त्या चाचणीचे उत्तर मुख्यतः ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे असते. भित्तीच्या अभ्यासात तेवढ्याने भागत नाही. तेथे पदार्थ कोणत्या थरात, वाढीच्या कोणत्या दिवशी, उघडा की झाकलेला, हे विचारावे लागते. तंतू केव्हा परस्परांपासून मोकळे झाले किंवा देठाजवळचा सांधा केव्हा सैल पडू लागला, हे डोळ्यांना दिसण्याच्या आधीच भित्तीत घडून गेलेले असते. वाणांची निवड व फळगळीवरील उपाय यांचा विचार करताना ती वेळ कळणे, हा या पद्धतीचा शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ होय.